कणेरी मठाचं म्युझियम: पोरांना कधी न्यावं?

प्रश्न (बेळगाव): दिवाळीच्या सुट्टीत पोरांना कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाला न्यायचंय. जुनी शेती, गुऱ्हाळ चालू बघायला मिळतं का?

उत्तर १ (निपाणी): पुतळे आहेत हो, सिमेंटचे. बारा बलुतेदार, विहिरीचं पाणी बैलांनी ओढायची मोट, नांगरट, सगळं माणसाएवढं. आमचे आबा मोटेपाशी थांबले आणि म्हणाले, "नाडा उलटा बांधलाय." नाडा म्हणजे मोटेचा दोर. खरं-खोटं तेच जाणे! पण बैल हलत नाही, काहिलीतनं, म्हणजे उसाचा रस उकळायच्या मोठ्या कढईतनं, वाफ येत नाही. जिवंत बघायचं तर दिवाळी सरल्यावर आमच्याकडं या. हंगाम सुरू झाला की काहिलीत भेंडीचा रस टाकतात, मळी, म्हणजे रसातली घाण, वर येते, गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, ती झाऱ्यानं काढतो. चुलवाणाजवळ, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीजवळ, पोरं मात्र धरून ठेवा.

उत्तर २ (खानापूर): आणि ज्येष्ठ पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर, बैलांचा सण. शिंगं रंगवून बैल कर, म्हणजे वाटेत आडवी बांधलेली दोरी, तोडायला पळवतात. आषाढातला महाराष्ट्री बेंदूर वेगळा.

प्रश्नकर्ता: मग दोन फेऱ्या. निपाणीकर, गुऱ्हाळ पेटलं की कळवा, काकवीला बरणी घेऊन येतो.

उत्तर १: बरणी कशाला, कळशी आणा.