.38 आणि 9 मिमीसाठी पहिली पावडर कोणती घ्यावी?

कृष्णाकाठ_डॅलस
नमस्कार मंडळी. शेजारचे आजोबा गेले आणि आजींनी त्यांचा रीलोडिंगचा (झाडलेली काडतुसं पुन्हा भरण्याचा) सगळा पसारा माझ्या हवाली केला. सिंगल स्टेज प्रेस, तराजू, .38 स्पेशल आणि 9 मिमीचे डाय (साचे), बादल्या भरून केस, म्हणजे काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळकांड्या. सोबत पावडरचे (बंदुकीच्या दारूचे) तीन डबे आहेत: हर्क्युलिसचा 'बुल्सआय'चा जुना पत्र्याचा डबा, 'टाइटग्रुप'चा सीलबंद डबा आणि एक काळी बाटली. बाटलीचं मूळ लेबल खरवडलेलं, वर चिकटपट्टी आणि त्यावर पेनाने '231?'. प्रश्नचिन्ह आजोबांचंच.

मला फक्त रविवारी रेंजवर कागदाला भोकं पाडायची आहेत. दुकानदार म्हणतो टाइटग्रुपच वापर, कमी लागते, स्वस्तात पडते. पटतंय का तुम्हाला? दोन्ही कॅलिबरना एकच पावडर चालेल का? आणि डबे गॅरेजमध्ये ठेवू का?

पेरिसबर्गकर
आधी ती काळी बाटली निकालात काढ. ज्याने भरली त्यालाच खात्री नव्हती, तर तुला कुठून येणार? रंग किंवा दाण्याचा आकार बघून पावडर ओळखता येत नाही. हिरवळीवर पातळ पसरून टाक, नायट्रोजन असतो, गवत खूश होईल.

पत्र्याचा डबा उघडून वास घे. चांगल्या पावडरीला ईथरसारखा, थोडा गोडसर वास येतो. नाकात झोंबणारा आंबूस वास आला किंवा तांबूस धूळ दिसली, तर तीही गवतावर. हर्क्युलिस कंपनी 1995 पासून अलायंट झाली, म्हणजे डबा किती जुना ते बघ.

आता स्वस्ताईचं. एका पौंडात 7,000 ग्रेन. हिशेबापुरतं एकीला चार ग्रेन आणि दुसरीला पाच ग्रेन धर. पौंडामागे 1,750 गोळ्या आणि 1,400 गोळ्या. (हे लोड, म्हणजे केसमध्ये घालायची मापं, नव्हेत; लोड रीलोडिंगच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचे.) एका गोळीमागे पावडरीचा फरक चिल्लर आहे, खर्च होतो तो बुलेट आणि प्रायमरवर (पिन आपटली की पावडर पेटवणारी छोटी टोपी). एवढ्यासाठी नवशिक्याने टाइटग्रुपपासून सुरुवात करावी हे मला पटत नाही. पावडर उत्तम आहे, मेजरमधून (पावडर मापून टाकणाऱ्या यंत्रातून) पाण्यासारखी पडते, केसमध्ये पुढे आहे की मागे याचंही तिला फारसं काही वाटत नाही. पण ती जलद जळते आणि जागा फार कमी व्यापते. चुकून दुप्पट पडली तरी 9 मिमीच्या केसमध्ये आरामात मावते, वर बुलेट बसते, आणि कळतं ते पिस्तूल फुटल्यावर.

.38 ची गोष्ट आणखी वाईट. ती केस मुळात काळ्या दारूसाठी 1898 मध्ये आली, म्हणून खोल आहे. आजची पावडर तळाशी चमचाभरसुद्धा दिसत नाही. दाबाची मर्यादाही पाहा: .38 ला 17,000 पीएसआय (चौरस इंचावर पौंड), 9 मिमीला 35,000. तेव्हा .38 मध्ये दुप्पट म्हणजे थट्टा नव्हे.

माझं मत: विंचेस्टर 231 घे, पण नवी, बाटलीतली नव्हे. हॉजडनची एचपी-38 मिळाली तरी तीच पावडर आहे, डबा तेवढा वेगळा, जी स्वस्त ती उचल. दोन्ही कॅलिबरना चालते आणि मेजरमधून नेमकी पडते. कोणी 'युनिक' सुचवेल. तिचे पापुद्रे मोठे, 9 मिमीमध्ये दुप्पट पडली तर बाहेर सांडते, हा मोठा फायदा. पण लहान मापात ते पापुद्रे मेजरमध्ये अडतात आणि वजन मागेपुढे होतं. प्रत्येक वेळी तराजूवर घालणार असशील तर घे.

पावडर कुठलीही असो, पन्नास केस लाकडी ब्लॉकमध्ये उभ्या कर, सगळ्यांत पावडर घाल, मग टॉर्च तिरका धरून प्रत्येकीत डोकाव. रिकामी राहिलेली केसही तशीच घातक. प्रायमरच्या जोरावर बुलेट नळीत अर्ध्यावर अडकते आणि पुढचा बार तिच्यावर आदळतो. 'फुस्स' आवाज आला की तिथेच थांबायचं.

टेक्सासच्या तापलेल्या गॅरेजमध्ये? मुळीच नाही. घरात, कपाटात, मूळ डब्यात. आणि घट्ट बंद लोखंडी पेटीत नको.

मायनर_मनोज
काकांशी सहमत, पण टाइटग्रुपला एक गोष्ट जोडतो: ती फार गरम जळते. पॉलिमर कोटिंगवाल्या बुलेटचा तळ भाजतो आणि रेंजवर धूर नाकात जातो. मी यूएसपीएसएमध्ये (अमेरिकेतल्या पिस्तूल नेमबाजीच्या स्पर्धांत) 9 मिमी खेळतो. मायनरला, म्हणजे कमी ताकदीच्या गटाला, पॉवर फॅक्टर 125 लागतो: बुलेटचे ग्रेन गुणिले सेकंदाला फुटांतला वेग, भागिले हजार. तिथे मला फिनलंडची एन320 पावडर आवडते, झटका मऊ. पण किंमत बघून बायको विचारते, केशर आणलंस का?

ऑनलाइन मागवणार असशील तर हॅझमॅटचं (धोकादायक मालाचं) शुल्क पार्सलमागे लागतं, पौंडामागे नाही. पावडर आणि प्रायमर एकदमच मागव.

पुणे_25मीटर
विषय आवडला म्हणून विचारतो. आम्ही .22 वाले, राही सरनोबतचं 2018 चं आशियाई सुवर्ण बघून यात पडलो. आमच्या केस परत भरता येतात का?

पेरिसबर्गकर
नाही. .22 मध्ये प्रायमरचं मिश्रण केसच्या कडेतच भरलेलं असतं, एकदा पिन आपटली की कड चेपली. आणि भारतात 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार लायसन्सशिवाय काडतूस बनवता येत नाही. तेव्हा तिकडच्यांनी हे वाचण्यापुरतंच ठेवा.

कृष्णाकाठ_डॅलस
काका, 231 मागवली, मनोजच्या सांगण्यावरून प्रायमरही सोबत. पुढे .357 चा रिव्हॉल्व्हर घेतला तर हीच चालेल?

पेरिसबर्गकर
हलक्या लोडला चालेल. पूर्ण ताकदीच्या .357 मॅग्नमला एच110 किंवा 296 पावडर लागते, त्याही दोन्ही एकच. पण तिथे नियम उलटा आहे: मॅन्युअलपेक्षा फार कमी घातली तर बुलेट नळीत अडकू शकते, म्हणून नेहमीसारखं दहा टक्के कमी करून सुरुवात करायची नाही. रिव्हॉल्व्हर घरात आला की नवा धागा काढ.