जनुक तपासल्याशिवाय केमो नको म्हणणाऱ्यांना

(मूळ पोस्ट, टिळकवाडीवाले: "ब्लड कॅन्सरच्या केमोनं हृदय जातं ते ज्याचं जनुक कमजोर त्याचंच. आधी जनुक तपासा. रिपोर्ट येईपर्यंत केमो सुरू करू देऊ नका.")

खानापूरकर: शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. ॲक्यूट ल्युकेमियात, म्हणजे झपाट्यानं वाढणाऱ्या ब्लड कॅन्सरात, थांबायचं म्हणजे गाठ जिवाशी आहे! डॉनोरुबिसिन, डॉक्सोरुबिसिन ही लाल औषधं हृदयाला बाधतात, खरंय. पण पहिला वाटा एकूण डोसचा. शरीराच्या दर चौरस मीटरला 250 मिलिग्रॅमवर गेलं की धोका बराच वाढतो. छातीला रेडिएशन, कोवळं वय, मुलगी असणं, यांनीही वाढतो. जनुकांचं म्हणाल तर नावं तीन: आरएआरजी, यूजीटी1ए6, एसएलसी28ए3. यातल्या शेवटच्यातला बदल तर हृदयाला राखणारा आहे. कॅनडातल्या तज्ज्ञांनी 2016 मध्ये मुलांसाठी ही तपासणी सुचवली, ती इको (हृदयाची सोनोग्राफी) वाढवायला, डेक्सराझोक्सेन या हृदय राखणाऱ्या औषधाचा विचार करायला. केमो रोखून धरायला नव्हे.

निपाणीचा बाप: डोसचं मला सांगू नका. माझ्या पोरीला 250 च्या निम्मंही गेलं नव्हतं. तरी हृदयाचं पंपिंग घसरलं, जिना चढताना दम लागतोय. आधी कळलं असतं तर इको तरी वेळेवर केला असता की ओ.

शहापूर गल्ली: आणि ते अभ्यास बहुतेक युरोपीय वंशाच्या पोरांवरचे. आपल्याकडे शंभरातल्या साधारण चौघांच्या एमवायबीपीसी3 जनुकात डीएनएच्या 25 अक्षरांचा तुकडा गळलेला असतो. हृदयाच्या स्नायूच्या आजाराशी त्याचं नातं 2009 लाच दाखवलंय. कॅनडाच्या यादीत ते आहे का? नाही.

सीमावासी: तपासणीचे पैसे कोण देणार, ते बोला. महाराष्ट्रानं 2023 ला कर्नाटकातल्या आम्हा सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले योजना, म्हणजे उपचारांचा सरकारी विमा, लागू केली, कर्नाटकानं हरकत घेतली. भावाला घेऊन कोल्हापूरला गेलो, तर रेशनकार्ड कर्नाटकाचं म्हणून काऊंटरवरून परत!

शहापूर गल्ली: इथं पण सीमाप्रश्न?

सीमावासी: काय बोलूलालाय ओ तुम्ही? पेशंटला घेऊन फिरलाय कधी दोन राज्यांत? आम्ही मतदानापुरते यांचे आणि मोर्च्यापुरते त्यांचे.

हिंडलगा: माझ्या बहिणीचे उपचार बेंगळूरच्या सरकारी दवाखान्यात झाले. कन्नडचा एक शब्द येत नव्हता, नर्सनी हिंदीत समजावलं. कुणी अडवलं नाही. सगळं राजकारणावर ढकलू नका.

सीमावासी: तुमचं नशीब चांगलं. बेंगळूरला राहायचा खर्च शेतमजूर कुठनं आणणार?

खानापूरकर: बरं. कमी डोसलाही होतं, आणि आपल्या लोकांवरचा अभ्यास तोकडा आहे, एवढं मान्य. थांबा म्हणणं मरेपर्यंत मान्य करणार नाही. केमो संपली की फाईल कपाटात जाते आणि हृदय कधीकधी दहा-वीस वर्षांनी बोलतं. लाल औषध एकूण किती गेलं, ते डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा.

निपाणीचा बाप: मागितलं होतं. "डॉक्टर आम्ही की तुम्ही?" असं ऐकून आलो. पोरीच्या जुन्या चिठ्ठ्या जोडून बेरीज मीच केली. टिळकवाडीवाल्यांनी ते शेवटचं वाक्य काढावं. वरचं राहू दे.