लोकसंगीत विद्यापीठात गेलं की संपलं?

भटक्या_पुणेकर
काल इथे एकाने लिहिलं की स्कॉटलंडचे लोककलावंत विद्यापीठात जाऊन पोरांना पारंपरिक गाणी-धुना शिकवतात, किती छान, आपण कधी सुधारणार वगैरे. राहवलं नाही. ग्लासगोच्या कन्झर्व्हेटॉयरमध्ये, म्हणजे तिथल्या संगीत महाविद्यालयात, १९९६ पासून स्कॉटिश संगीताची पदवी मिळते. पदवी! ओलं लोकरी कापड टेबलावर आपटत बायका ज्या गॅलिक (स्कॉटलंडची जुनी भाषा) गाण्यांवर ताल धरायच्या, त्यांना आता क्रेडिट्स. एडिनबराच्या सँडी बेल्स पबमध्ये बसलोय मी. कोपऱ्यात तीन-चार फिडल (व्हायोलिनच), एक बासरी. माइक नाही, सूत्रसंचालक नाही. एकाने रील, म्हणजे नाचाची धून, उचलली की दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला बाकीचे आत. याला शिकणं म्हणतात.

मंजिरी_एडिनबरा
अहो, त्याच पबात लोकगीतं गोळा करणाऱ्या हॅमिश हेंडरसनचा अड्डा होता. नोकरी कुठे? विद्यापीठाच्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजमध्ये, पबपासून चालत पाच-सात मिनिटं. १९५१ साली हे स्कूल निघालं म्हणून माणसं टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव फिरली. १९५३ मध्ये हेंडरसनला ॲबर्डीनमध्ये जीनी रॉबर्टसन ही गायिका भेटली. त्या बाईच्या गळ्यात केवढे जुने बॅलड, म्हणजे गोष्ट सांगणारी गाणी, होते! टेप झाले नसते तर शेजारपाजारपलीकडे किती जणांनी ऐकले असते?

खवट_काका
आणि बाईंना काय मिळालं? ती ट्रॅव्हलर, म्हणजे तिथल्या भटक्या समाजाची. पाल ठोकलं की गावाने हुसकायचं, असं जगलेली माणसं. गाणी यांची, प्रबंध प्राध्यापकांचे. माझ्या आजीच्या ओव्या एक संशोधक अशाच उतरवून घेऊन गेले. पुस्तकात आजीचं नाव नाही, 'एक वृद्ध स्त्री'.

मंजिरी_एडिनबरा
काका, आजीचं वाईट वाटलं. पण जीनीचं नाव लपवलं नाही कोणी. तिच्या रेकॉर्ड निघाल्या, १९६८ मध्ये एमबीई हा ब्रिटिश सरकारी सन्मान मिळाला. स्कूलच्या संग्रहातल्या हजारो टेपा आज 'टोबर अन डुआलखस' या वेबसाइटवर फुकट ऐकता येतात, गाणाऱ्याच्या नावासकट.

खवट_काका
बिल्ला मिळाला. वा! पोट भरलं असेल.

ढोलकी_सम्राट
मुद्दा नोटेशनचा, म्हणजे संगीत कागदावर लिहिण्याचा आहे, तो कोणी घेतच नाहीये. बॅगपाइपचं पिब्रोख, म्हणजे त्यावरचं जुनं अभिजात संगीत, पूर्वी गुरू तोंडाने गाऊन शिकवायचा. हिहारिन, होडिन असे बोल, त्याला कॅन्टारॅक्ट म्हणतात. १९व्या शतकात ते स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत) छापलं आणि स्पर्धेत परीक्षक पुस्तक उघडून बसायला लागले. छापल्याबाहेर गेलात की बाद. आमच्याकडे परीक्षांनी हेच केलं. क्लासमध्ये मी तोंडी बोल म्हटले तर बाई म्हणाल्या, वहीत दाखव.

भटक्या_पुणेकर
हेच तर मी म्हणतोय!

मंजिरी_एडिनबरा
काय हेच? नोटेशन स्पर्धावाल्यांनी डोक्यावर बसवलं, बोल विद्यापीठाच्या टेपांवर आहेत. आमच्या वर्गात आलेल्या पाइपरने आधी सगळ्यांकडून बोल म्हणवून घेतले. मग पाइप नाही, चँटर, म्हणजे धून वाजवायची नुसती नळी, हातात दिला. कागद शेवटपर्यंत निघाला नाही.

बेळगावी_तडका
बॅगपाइप चाललाय म्हणून सांगतो. आमच्याकडे मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमुळे लहानपणापासून पाइप ऐकतोय. परवा पुण्यात एका वरातीत चौघे स्कर्ट घालून आले...

ढोलकी_सम्राट
किल्ट म्हणतात हो.

बेळगावी_तडका
बरं, किल्ट. ड्रोन (एकच सूर धरणाऱ्या नळ्या) एकीकडे, चँटर दुसरीकडे. नवरदेवाचा घोडा बिथरला. सुरात लावता येत नाही तर वाजवता कशाला?

ढोलकी_सम्राट
तीन ड्रोन असतात, थंडीत त्यांच्या रीडचा (आतल्या पातीचा) सूर सरकतो. वाजवून बघा आधी!

बेळगावी_तडका
पुण्यात मे महिन्यात कसली थंडी?

खवट_काका
घोड्याला विचारा, त्याने ऐकलंय.

भटक्या_पुणेकर
बरं, टेपा केल्या ते बरं केलं, एवढं मानतो. पदवीबद्दल माझं मत तेच. आणि बॅगपाइपवाल्यांनी कृपया वेगळा धागा काढावा. इथे स्कॉटलंडचं चाललंय.

मंजिरी_एडिनबरा
हे तुम्ही शुद्धीत लिहिलंत का?