लॉनमधला लव्हाळा काही केल्या जात नाही, उपाय सांगा

गोडोली, सातारा:
घरापुढं साधारण सहाशे चौरस फुटांचं लॉन आहे, सिलेक्शन वन जातीचं. पाऊस सुरू झाला की त्यातून लव्हाळा डोकं काढतो. भांगलायला मावशी येतात, खुरप्यानं अगदी निगुतीनं काढतात, पण आठवड्यात टोकं परत वर. लॉन कापलं तरी दोन दिवसांत लव्हाळा बोटभर उंच आणि गवत आपलं खालीच. तणनाशक म्हणून एक दुकानदार ग्लायफोसेट मारा म्हणतो, दुसरा टू-फोर-डी. नातू लॉनवर रांगतो, त्यामुळं मन धजत नाही. कुणाला खात्रीचा उपाय माहीत आहे का?

ऊसवाला, वाळवा तालुका:
ताई, ग्लायफोसेट अजिबात नको, लव्हाळ्याबरोबर तुमचं लॉनही जाईल. आधी एक करा. पाऊस पडून गेल्यावर एक रोप खुरप्यानं खोलवरून, मातीसकट काढा. दांडा बोटात फिरवला तर तीन कडा लागतील. खाली तारेसारखी मुळी आणि तिला माळेसारख्या काळ्या गाठी दिसतील. एक गाठ फोडून हुंगा, उटण्यासारखा वास येतो. वरून उपटलं की ही मुळी तुटते, गाठ आत राहते आणि तिचा झोपलेला डोळा जागा होतो. मावशींचं काम वाया जातंय ते यामुळं.

उसात आम्ही हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के हे तणनाशक वापरतो, एकरी ३६ ग्रॅम. हे पानातून गाठीपर्यंत उतरतं. सिलेक्शन वन हे हराळीच्याच कुळातलं असल्यानं त्याला सहसा धक्का लागत नाही. तरी पुडीवर पिकांची शिफारस असते, लॉनची नाही, म्हणून आधी कोपऱ्यात चार फूट जागेवर मारून बघा. तुमच्या जागेला हिशेबानं अर्धा ग्रॅम आणि अडीच-पावणेतीन लिटर पाणी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर अर्धा ग्रॅम कळत नाही, दागिन्यांचा छोटा काटा घ्या. अंदाजानं चिमूट टाकू नका.

लव्हाळा तीन-चार पानांवर असावा, जमिनीत ओल असावी, पुढं काही तास पाऊस नसावा. फवारणीच्या आधी आणि नंतर काही दिवस कापणी आणि भांगलण दोन्ही बंद, औषध पानातूनच खाली जायचंय. लगेच काही दिसणार नाही. आधी पिवळं पडतं, वाळायला दोन-तीन आठवडे जातात. खोलवरच्या गाठी नंतर फुटतात, तेव्हा पुन्हा एक हात लागतो. हातमोजे घाला आणि बाळाला तेवढे दिवस लॉनवर सोडू नका.

द्राक्षबागायतदार, तासगाव:
टू-फोर-डीबद्दल कळकळीनं सांगतो. लव्हाळ्याचा वरचा पाला त्यानं करपतो, गाठी तशाच राहतात. आणि त्याची वाफ नि तुषार वाऱ्यानं दूर जातात. द्राक्षाच्या कोवळ्या पानाला जराशी झुळूक लागली तरी पान पंख्यासारखं आक्रसतं, शेंडा वाकडा होतो. टोमॅटोलाही तेच. शेजारी कुणाचा द्राक्षाचा मांडव असेल, परसात वांगी-टोमॅटो असतील, तर ते औषध हातात घेऊ नका. ज्या पंपानं मारलं तो पुन्हा बागेत वापरूही नका.

विश्रामबाग, सांगली:
घरात रांगतं मूल आहे तर मी औषधाशिवायच गेले असते. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. लॉन अगदी बुडापासून न कापता दोन बोटं उंच ठेवा, शेणखत-युरिया देऊन दाट होऊ द्या. जिथं लव्हाळा जास्त आहे तेवढा तुकडा एप्रिल-मेमध्ये वीतभर खोल खणा, पाणी तोडा, गाठी उन्हात चांगल्या वाळू द्या आणि मग चाळून काढा. त्या कंपोस्टमध्ये टाकू नका. नवी माती आणली तर आधी मुठीत घेऊन गाठी बघा. लव्हाळा बहुतेक त्या ट्रॉलीतूनच घरी येतो.

गोडोली, सातारा:
दादा, ताई, मनापासून आभार. गेटजवळ लव्हाळा फार माजलाय, तो तुकडा उन्हाळ्यात खणायचं ठरलं. बाकीच्या लॉनवर एका कोपऱ्यात औषध मारून बघते, नातू त्याच्या आजोळी जाईल तेव्हा. पण सध्या पाऊस रोज आहे, उघडीप कितीची लागेल?

ऊसवाला, वाळवा तालुका:
सकाळी पानं कोरडी असताना मारा आणि संध्याकाळपर्यंत पाऊस नको. पाणी साचलं असेल तर थांबा, वाफसा येऊ द्या, म्हणजे पाणी निथळून माती नुसती ओलसर राहू द्या.