मदत हवी आहे : वीटभट्टीवर गेलेल्या मुलांचा पट कसा टिकवावा?

मुरबाड तालुक्यातली जिल्हा परिषद शाळा, पहिली ते पाचवी. आरटीई (शिक्षण हक्क कायदा) २००९ प्रमाणे ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३. पट काठावर आहे, दोन नावं गेली तरी तिसरं पद धोक्यात.

दिवाळीनंतर कुटुंबं भिवंडी-कल्याणकडे भट्ट्यांवर जातात. शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून दिलं जाणारं कार्ड) देतो, तरी तिकडच्या शाळा शाळा सोडल्याचा दाखला मागतात. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे आरटीईच्या कलम ५ मध्ये स्पष्ट आहे. पण दाखला दिला की युडायसवर (शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) मूल तिकडे सरकतं आणि मे-जूनमध्ये परतलं तरी नाव तिकडेच राहतं. मधल्या काळात मूल मागे पडतं ते वेगळंच. तिसरीतलं मूल ‘प्रकाश’चं ‘परकाश’ वाचतं आणि जोडाक्षर दिसलं की थांबतं.

भट्टीजवळच्या शाळांतल्या शिक्षकांनो, नाव न हलवता हजेरी कशी लावता? महिन्याची हजेरी मूळ शाळेला कळवायचा नमुना कुणाकडे आहे का?

आणखी एक. आधारवर जन्मतारीख सरसकट १ जानेवारी, जनरल रजिस्टरला (शाळेच्या प्रवेश नोंदवहीत) वेगळी. त्यामुळे आधार पडताळणी होत नाही. जन्मदाखलाच नसेल तर दुरुस्ती कुठून सुरू करावी?