सल्ला हवा: शरीरातलं ग्लुटाथायोन आहारातून कसं टिकवायचं? दोघांसाठी महिन्याला १,२०० रुपये (नागपूर)

मुग्धा_त्रिमूर्तीनगर · ८ डिसेंबर, रात्री ९:१०
आई ५८, बाबा ६३. बाबांचं वजन ६८ किलो, बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन ५ चालू. आईचं हिमोग्लोबिन काठावर. अंडं चालते, मटण-चिकन नाही. औषधाच्या दुकानात ग्लुटाथायोनच्या पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या सुचवल्या, एकाच माणसाचे महिन्याला १,८०० होतात. माझ्याकडे किराण्याच्या वर दोघांचे मिळून १,२०० आहेत. गोळ्या घ्याव्या की जेवणातून जमेल? जेवणातून जमत असेल तर नेमकं काय आणि किती, ते सांगा.

औषधशाळा · ९:३४
गोळी राहू द्या ताई. ग्लुटाथायोन म्हणजे पेशींना ऑक्सिडेशनच्या माऱ्यापासून वाचवणारं शरीराचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट: ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसिन या तीन अमिनो आम्लांची (प्रथिनांच्या घटकांची) छोटी साखळी. शरीरातली प्रत्येक पेशी ती स्वतः बनवते, सगळ्यात जास्त यकृत. तोंडाने घेतलेली बरीचशी साखळी आतड्यातच तुटते. अडते ते सिस्टीनवर, कारण तिघांत तेच कमी पडते. म्हणून आधी प्रथिन पुरतं आहे का ते पाहा. वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम धरलं तर बाबांना दिवसाला साधारण ५६ ग्रॅम लागते. ३० ग्रॅम कच्च्या डाळीत ७, पाव लिटर दुधात ८, एका अंड्यात ६. एवढ्यावरून ताटातला हिशोब घरीच करता येईल. नुसत्या वरणभातावर ५६ होत नाही.

दुसरं, वापरलेलं ग्लुटाथायोन परत कामावर आणणाऱ्या एन्झाइमला बी२ जीवनसत्त्व लागते, आणि पेशींना इजा करणारं पेरॉक्साइड मोडणाऱ्या एन्झाइमला सेलेनियम हे खनिज. अंड्यात दोन्ही आहेत. बी२ साठी दूध-दही ठेवा, पण दुधाचं भांडं उन्हात उघडं ठेवू नका. उजेडाने बी२ जाते.

लोखंडी_पुरुष_४४० · ९:५१
व्हे प्रोटीन आयसोलेट घ्या. सिस्टीनचा चांगला स्रोत आहे. एक किलोचा डबा साडेतीन हजारापर्यंत येते, पण एकदा घेतला की सव्वा महिना पाहायला नको. सकाळी एक स्कूप कोमट पाण्यात. उकळत्या पाण्यात टाकाल तर गुठळ्या होतात.

काकू_प्रतापनगर · १०:०२
अहो, त्यांनी १,२०० लिहिलं आहे! पनीर केल्यावर उरलेलं पाणी म्हणजे व्हेच की. फुकटचं. कणीक त्यातच भिजवा.

औषधशाळा · १०:१५
काकू, पाणी फेकू नका हे बरोबर, पण त्यात प्रथिन फार नसते. दूध उकळताना व्हेमधलं बरंचसं प्रथिन केसिनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, चिकटते आणि पनीरमध्येच जाते. म्हणजे पनीर खाल्लं की तेही पोटात गेलं. ज्यांना बीपी आहे त्यांनी व्हेचा डबा आणण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासून घ्यावं.

संत्रा_बागायत_काटोल · १०:२०
नागपुरात राहून गोळ्या कशाला जी? क जीवनसत्त्वही अँटिऑक्सिडंटच, आणि ते संत्र्यात आहे. अंबिया बहाराचं संत्रं अजून बाजारात आहे, मृग बहाराचं फेब्रुवारीपासून येईल. कळमन्याच्या बाजारात सकाळी जा, शेकड्याने घ्या, भाव निम्म्यावर येते. १०० ग्रॅम फोडींत ४० ते ५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व. पुरुषाला दिवसाला ८० लागते, बाईला ६५. दोन संत्र्यांत काम होते. रस काढून गाळू नका. आतल्या पांढऱ्या धाग्यांत हेस्पेरिडिन हे अँटिऑक्सिडंट असते आणि गाळणीत तेच अडकते.

वर्धमान_९ · १०:२८
बीपीची गोळी चालू असेल तर संत्रं बंद! औषध अंगात साचते, सगळीकडे लिहिलं आहे.

औषधशाळा · १०:३३
ते ग्रेपफ्रूट आणि चकोत्र्याबद्दल लिहिलं आहे. त्यांतली फ्युरानोकुमारिनं आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम बंद पाडतात. आपल्या नागपुरी संत्र्याला ते लागू नाही. खुशाल खा.

वर्धमान_९ · १०:३६
तरी विचारून घ्यावं.

आवळा_घरचा · १०:५०
संत्र्यापेक्षा आवळा. मध्यम आकाराचा एक आवळा, गर ४० ग्रॅमच्या आसपास, त्यात दिवसाचं क जीवनसत्त्व आलं. स्टीलच्या किसणीने किसायचा आणि किसल्या किसल्या खायचा. तांब्याच्या भांड्यात ठेवू नका, तांब्याने क जीवनसत्त्व झपाट्याने उडते. लोखंडी कढईत काळा पडतो. आईंसाठी खास: आवळ्याची कोशिंबीर पालकाच्या किंवा चवळीच्या भाजीबरोबरच वाढा, त्याने भाजीतलं लोह अंगी लागते. जेवणानंतर तासभर चहा नको, चहातलं टॅनिन लोह धरून बसते.

हंगाम फेब्रुवारीत संपते. तेव्हा वाळवून ठेवा, आवळा सुपारी करा.

औषधशाळा · ११:०५
वाळवण्यात क जीवनसत्त्वाचा मोठा वाटा जातो, उन्हात तर फारच. क जीवनसत्त्वासाठी सुपारी करत असाल तर मेहनत वाया. ताजे आवळे फोडी करून फ्रीझरमध्ये ठेवा.

काकू_प्रतापनगर · ९ डिसेंबर, सकाळी ७:४०
आवळा सुपारी आम्हीही बंद केली. बीपीवाल्या घरात एवढं मीठ कशाला? अंडी आणा. सात रुपयांचं एक धरलं तर दोघांना रोज एक, महिन्याला ४२० रुपये.

सांबार_जुडी · ८:१५
सगळे अंडंच सांगून राहिले, माझंही तेच. सोबत हे घ्या. डाळीत गंधकाची अमिनो आम्लं कमी असतात, ज्वारीत आणि तिळात ती भरून निघतात. म्हणून वरणाबरोबर भाकर आणि तिळाची चटणी. तीळ कुटूनच घ्या, अख्खा तीळ न पचता निघून जाते. जवसाची चटणी एकदम किलोभर करू नका, जवसाचं तेल लवकर खवट होते. आठ दिवस पुरेल एवढीच कुटा, घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा. वास ऑइल पेंटसारखा आला की फेका.

पत्ताकोबी आणि मुळा चिरून अर्धा तास तसाच ठेवा, मग फोडणीला टाका. चिरल्यावर त्यातलं एन्झाइम काम करते आणि सल्फोराफेनच्या घराण्यातली द्रव्यं तयार होतात. ती पेशींना स्वतःचं ग्लुटाथायोन जास्त बनवायला लावतात. चिरल्याबरोबर गरम तेलात टाकलं तर एन्झाइम मरते आणि फारसं काही होत नाही. वेळ नसेल तर शिजलेल्या भाजीवर वरून चिमूटभर कच्च्या मोहरीची पूड टाका, तिच्यात तेच एन्झाइम असते. लसणाचंही असंच, ठेचून दहा मिनिटं ठेवा.

तर्री_कमी_पोहे_जास्त · ८:४०
काय वाढवायचं ते सगळे सांगून राहिले, काय थांबवायचं ते कोणीच बोलत नाही. तळणाचं तेल तीन-तीनदा तापवता का? हॉटेलांसाठी नियम आहे, तेलातले पोलर घटक (तापवून तेल बिघडल्याने तयार होणारे) २५ टक्क्यांच्या वर गेले की तेल फेकायचं. घरात मीटर नसते, पण तेल काळं दिसलं, फेस बसेना, कढई चिकट झाली की ओतून द्या. आणि बाबा चालतात का? आठवड्याला १५० मिनिटं झपाझप चालल्याने शरीर स्वतःची संरक्षक एन्झाइमं वाढवते. त्यावर क आणि ई च्या मोठ्या गोळ्या घेऊ नका. २००९ च्या एका जर्मन अभ्यासात रोज १,००० मिलिग्रॅम क आणि ४०० युनिट ई घेणाऱ्यांना व्यायामाचा फायदाच कमी झाला.

लोखंडी_पुरुष_४४० · ८:५२
मी क दोन ग्रॅम घेतो, काही झालं नाही.

औषधशाळा · ९:०५
दोन ग्रॅम ही वरची मर्यादा आहे, रोजचा डोस नव्हे. जास्तीचं क शरीरात ऑक्झलेट होते. मे महिन्यात इथे पारा ४५ ला जाते, लघवी घट्ट होते, मुतखडे धरायला तेवढं पुरते. आणखी एक, आपल्या विदर्भात सिकलसेल आणि जी६पीडीची (लाल रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असलेली घरं आहेत. जी६पीडी कमी असेल तर ग्लुटाथायोन परत कामावर आणायची साखळीच अपुरी पडते. अशांनी शिरेतून क जीवनसत्त्वाचा मोठा डोस घेऊच नये, रक्तपेशी फुटतात. घरात कोणाला कधी औषधानंतर कावीळ किंवा लाल-काळी लघवी झाली असेल तर आधी ती तपासणी करा.

वर्धमान_९ · ९:२०
रक्तातलं ग्लुटाथायोन मोजून घेतलं तर? एका लॅबमध्ये पॅकेज आहे.

औषधशाळा · ९:३१
नको. नमुना काढल्या काढल्या त्यावर प्रक्रिया केली नाही तर ग्लुटाथायोनचं ट्युबमध्येच ऑक्सिडेशन होते आणि आकडा खोटा कमी येते. त्या पैशात महिनाभराचं दूध येईल.

मुग्धा_त्रिमूर्तीनगर · दुपारी १:१०
सगळ्यांचे आभार, वहीत उतरवून घेतलं. एक गोष्ट लिहायची राहिली. बाबा तंबाखूचा खर्रा खातात. दिवसाला तीन-चार पुड्या.

तर्री_कमी_पोहे_जास्त · १:२२
ताई, ही तर पहिली ओळ असायला हवी होती.

औषधशाळा · १:४०
मग वरचं सगळं दुसऱ्या नंबरवर. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटला की चुन्याच्या क्षारामुळे सुपारीतले पॉलिफेनॉल तोंडातच ऑक्सिडाइझ होतात आणि सुपरऑक्साइड, पेरॉक्साइड तयार होते. गालाच्या आतल्या त्वचेला तासन् तास त्याचाच मारा. इकडे दोन संत्री देऊन तो भरून निघत नाही. बीटा कॅरोटीनच्या गोळ्या तर चुकूनही देऊ नका. फिनलंडमध्ये २९,००० वर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना त्या दिल्या, तर फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला. १९९४ चा निकाल आहे. तंबाखूवाल्या माणसाला ‘अँटिऑक्सिडंट आहे ना, चालते’ म्हणून काहीही देता येत नाही.

आज एवढं करा: बाबांना तोंड पूर्ण उघडायला सांगा, त्यांचीच तीन बोटं उभी आत जातात का पाहा. जात नसतील, किंवा गालात पांढरे पट्टे दिसले, तिखट झोंबत असेल, तर मेडिकल कॉलेजजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, फोनला पैसे लागत नाहीत.

काकू_प्रतापनगर · २:०५
रात्री दारू असेल तर तापाच्या गोळीचंही सांभाळा. पॅरासिटामॉलचा एक भाग यकृतात विषारी होते आणि तो ग्लुटाथायोननेच निकामी होते. उपाशीपोटी, दारूवर, दोन-दोन गोळ्या टाकल्या की साठा संपते. दिवसाला चार ग्रॅमच्या वर निरोग्या माणसालाही नाही.

लोखंडी_पुरुष_४४० · २:३०
खर्रा सोडला की व्हेचे पैसे आपोआप निघतात.

सांबार_जुडी · २:४१
अंडं विसरू नका.

मुग्धा_त्रिमूर्तीनगर · ११ डिसेंबर, रात्री १०:२०
ठरलं ते सांगते. तीन बोटं जेमतेम जातात. सोमवारी दंत महाविद्यालयात जायचं आहे.

गोळ्या नाही, व्हे नाही. मार्गशीर्ष चालू आहे, आई घरात अंडं येऊ देत नाही, तोवर दूध-दही, पनीर आणि भाकर-तीळ. कोबी चिरून ठेवणं सुरू केलं.

आणि तुम्ही नको म्हणालात तरी आवळा सुपारीच करते. क जीवनसत्त्वासाठी नव्हे. जेवण झालं की बाबांचा हात खिशाकडे जाते, तेव्हा हातात काहीतरी कडक, तुरट, चघळायला पंधरा मिनिटं पुरणारं द्यायचं आहे. ताजी फोड दोन मिनिटांत संपते, फ्रीझरमधली मऊ पडते. गोकुळपेठ बाजारातून पाच किलो आणले. वाफेवर पाच मिनिटं, पाकळ्या सुट्या, बिया बाहेर. किलोला ओवा दोन चमचे, जिऱ्याची पूड एक, आल्याचा रस चार चमचे, सैंधव फक्त अर्धा चमचा. पंख्याखाली सुती कापडावर पसरले आहेत.

आवळा_घरचा · १०:३८
मीठ एवढं कमी टाकलं तर टिकायला ते पूर्ण कडक वाळायला हवं. वाकवल्यावर लवली तर अजून ओल आहे, कट्कन मोडली पाहिजे. थंडीत सहा-सात दिवस धरा, रात्री कापड आत घ्या, दव बसते. पांढरी बुरशी दिसली तर तेवढीच पाकळी काढून भागत नाही, तो सगळा थर टाका.

औषधशाळा · १०:४५
या कारणासाठी असेल तर करा. बाजारची घेऊ नका, त्यात मीठ फार असते आणि काहींत खरी सुपारीही मिसळतात. छोट्या डबीत रोजच्या रोज मोजून भरा आणि ती डबी पुडीच्याच खिशात ठेवा.

मुग्धा_त्रिमूर्तीनगर · १०:५२
डबी आणली. स्टीलची, चुन्याच्या डबीएवढी.