विश्रांतीतले ठोके माझे ७४, लोळणाऱ्या नवऱ्याचे ५८! मग मी चालते कशाला?

उपवन_दोन_फेऱ्या (ठाणे)

वय ४६, राहायला वर्तकनगर, नोकरी दादरला. गेल्या दिवाळीत मुलाने पहिल्या पगारातून ते ठोके मोजणारं घड्याळ आणून दिलं. मला आकडे मोठे दिसतील असं साधं घड्याळ हवं होतं, पण पहिल्या पगाराला नाही कोण म्हणणार. आठवड्याभरात घड्याळाने जाहीर केलं, विश्रांतीतले ठोके ८२.

तेव्हापासून उपवनला जाते. पावणेसहाला घर सोडायचं, तलावाला दोन फेऱ्या, येताना भाजी, सातच्या आत घरात. नेहमीची लोकल चुकली की पुढचीत पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे तिसरी फेरी कधी जमलीच नाही. पण आठवड्याचे पाच दिवस तरी सोडत नाही. सहा महिन्यांत ८२ चे ७४ झाले. खूश होते मी.

परवा रविवारी नवरा सकाळी मामलेदारची मिसळ खाऊन आला, दोन जादा पाव. दुपारी वर पुन्हा जेवला आणि सोफ्यावर घोरायला लागला. मला काय सुचलं कोण जाणे, घड्याळ काढून त्याच्या मनगटावर बांधलं. ५८! हा माणूस कोपऱ्यावरच्या वाण्याकडे स्कूटरने जातो. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट बंद असली तर ती चालू होईपर्यंत हा खाली वॉचमनशी गप्पा मारत उभा राहतो. उठल्यावर आकडा दाखवला तर म्हणाला, "खेळाडूचं हृदय आहे. तू उगाच तळ्याभोवती फिरतेस." तेव्हापासून सोसायटीत सांगत सुटलाय.

ठोके कमी तेवढा माणूस तंदुरुस्त, असंच सगळीकडे वाचलंय. मग हे काय आहे? घड्याळ चुकतंय, की मी?

खारघरचा_पळपुट्या

ताई, आधी अभिनंदन. ८२ चे ७४ ही तुमची कमाई आहे, नवऱ्याच्या आकड्याने ती कमी होत नाही.

गंमत अशी की बसल्या जागी शरीराला मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त लागतं. हृदय एका ठोक्याला ७० मिलिलिटर बाहेर ढकलत असेल तर ७० ठोके मारावे लागतात. नियमित चालून-धावून डावा कप्पा जास्त भरायला लागतो, जोरात रिकामा व्हायला लागतो. ठोक्याला १०० मिली निघालं की ५० ठोक्यांत काम भागतं. पिंप तांब्याने भरायचं की कळशीने, एवढाच प्रश्न.

मी चार वर्षांपूर्वी सुरुवात केली तेव्हा ७२ होते, आता ५४. पण माझ्याबरोबर पहाटे पळणारा एक मित्र दर वेळी मला मागे टाकतो आणि त्याचे ६४ आहेत! जन्मजात ठेवण असतेच. स्पेनचा सायकलपटू मिगेल इंदुराईन १९९१ ते १९९५ सलग पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकला, त्याचे २८ होते असं सांगतात. हे ऐकून मित्र दोन दिवस तोंड पाडून होता.

मी रोज सकाळी आकडा कॅलेंडरवर लिहितो, दुधाच्या हिशेबाशेजारी. पारसिक हिलची चढण तीनदा केली की दुसऱ्या दिवशी ६०. रात्रीची झोप झाली नाही तरी ६०. लग्नात 'बसलो' होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी ६४ (हे घरी सांगू नका). एकदा काही कारण नसताना ६६ दिसले, अंगही दुखत नव्हतं, म्हणून पळायला गेलो. संध्याकाळी ताप चढला. त्या दिवसापासून आकडा दहाने वर दिसला की बूट काढून ठेवतो.

निवृत्त_सिस्टर (नेरूळ)

पस्तीस वर्षं वॉर्डात नाड्या मोजल्या, म्हणून लिहिते.

झोपलेल्या माणसाची नाडी जाग्या माणसाच्या नाडीशी लावून बघायची नसते. झोपेत कोणाचीही उतरते. दोघांनी सकाळी उठल्याउठल्या, चहाच्या आधी, पडूनच मोजा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवायची. अंगठ्याने मोजू नये, त्याची स्वतःची नाडी लागते. आणि पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणणाऱ्या पोरींना मी फार ओरडायची, कारण एक ठोका चुकला की चार चुकतात.

आता मुख्य प्रश्न. यजमान रक्तदाबाची गोळी घेतात का? घेत असतील तर पाकिटावरचं नाव वाचा. शेवटी 'लॉल' आहे का बघा, मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल असं काही. हृदयाचा स्वतःचा वेग खरं तर शंभराच्या आसपास असतो. व्हेगस नावाचा मज्जातंतू त्याला लगाम घालून ६०-७० वर आणतो. हृदय बदललेल्या पेशंटचे हे तंतू कापले गेलेले असतात, म्हणून त्याचं हृदय नुसतं पडल्या जागी ९०-१०० ने चालतं. व्यायामाने हा लगाम घट्ट होतो. गोळी लगामाला हात लावत नाही, ती ॲड्रेनलिनची टाच लागू देत नाही. घोडा दोन्हीकडे हळूच चालताना दिसतो.

आणि तुमचं. ६० ते १०० सगळं नॉर्मलच धरतात, ७४ ला काही वाईट नाही. पण वय ४६ म्हणता. पाळी कशी आहे? जास्त जाते का? हिमोग्लोबिन शेवटचं कधी बघितलं होतं? थायरॉईड?

उपवन_दोन_फेऱ्या (ठाणे)

सिस्टर, पाकीट बघितलं. मेटोप्रोलॉल! दोन वर्षं झाली. रोज मीच त्याच्या हातात गोळी आणि पाण्याचा ग्लास देते आणि एकदाही नाव वाचलं नव्हतं. खेळाडूचं कसलं, केमिस्टचं हृदय आहे ते.

त्याला सांगितलं तर म्हणतो, आठवडाभर गोळी बंद ठेवतो, मग मोजू आणि होऊन जाऊ दे.

पाळीचं विचाराल तर हो, वर्षभर जास्तच जाते. वयाचंच असेल म्हणून सोडून दिलं. हिमोग्लोबिन शेवटचं मुलाच्या वेळी, म्हणजे हसू नका, तेवीस वर्षांपूर्वी.

निवृत्त_सिस्टर (नेरूळ)

गोळी अजिबात बंद करायची नाही. एक दिवसही नाही. ही गोळी अचानक सोडली की इतके दिवस दाबलेला वेग आणि रक्तदाब उसळी मारतात, त्यात झटका आलेले पेशंट मी बघितलेत. त्यांना हे मोठ्याने वाचून दाखवा.

तेवीस वर्षांवर मी काही बोलत नाही. उद्या रक्त द्या.

ऐरोलीचा_मीटरवाला

माझं काम मोजमापाच्या यंत्रांचं, त्यामुळे घड्याळाची बाजू मांडतो.

घड्याळ ठोके ऐकत नाही. मागचा हिरवा दिवा त्वचेत उजेड टाकतो, रक्त तो उजेड शोषतं, प्रत्येक ठोक्याला नसांत रक्त वाढतं म्हणून परत येणारा उजेड कमी-जास्त होतो, तो मोजतात. माणूस स्थिर असेल तर बऱ्यापैकी बरोबर येतं. पट्टा सैल असेल, हात हलत असेल, तर काहीही येतं. मी एकदा लोकलच्या दारात उभा असताना १५० दाखवले होते, तेव्हा माझ्या हृदयापेक्षा ठाणे-वाशी गाडीच जास्त धडधडत होती.

दुसरं, 'विश्रांतीतले' म्हणजे काय हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. कोणी रात्रीच्या झोपेतला आकडा धरतं, कोणी दिवसा शांत बसलेला असतानाचा. म्हणून घड्याळ बदललं की जुना हिशेब बंद करून नवा सुरू करायचा. ताईंनी तर एकाचा सरासरी आकडा आणि दुसऱ्याचा घोरतानाचा एका क्षणाचा आकडा शेजारी ठेवला.

पण हा आकडा अगदीच फालतू, असंही नाही. कोपनहेगनमध्ये सुमारे २८०० पुरुषांवर १६ वर्षं लक्ष ठेवून झालेला अभ्यास २०१३ साली छापून आला. विश्रांतीतले ठोके जितके जास्त, तितकं मृत्यूचं प्रमाण जास्त. आणि तंदुरुस्तीचा फरक हिशेबातून काढून टाकला तरी ते तसंच राहिलं. म्हणजे हा आकडा नुसतं तंदुरुस्तीचं मार्कशीट नाही, तो आणखीही काही सांगतो.

तंदुरुस्तीच बघायची तर दम लागल्यावर ठोके किती लवकर खाली येतात ते बघा. १९९९ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी ट्रेडमिलवरचा जोराचा व्यायाम संपल्यावर लोकांचं हेच मोजलं होतं. पहिल्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमी उतरले तर पुढे धोका जास्त आढळला. घरचा जिना म्हणजे ती तपासणी नव्हे, पण अंदाज येतो.

उपवन_दोन_फेऱ्या (ठाणे)

दहा दिवसांनी लिहितेय, रिपोर्ट आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

सकाळी पडून, दोन बोटांनी, पूर्ण मिनिट, तीन दिवस. मी ७३, ७२, ७३. नवरा ६३, ६२, ६४. त्याचे मोजायला मलाच बसावं लागलं, तो अंगठाच ठेवतो. गोळी चालू आहे, सिस्टरांचा मजकूर वाचून दाखवल्यावर गप्प झाला.

शनिवारी लिफ्ट देखभालीसाठी बंद होती आणि वॉचमन जेवायला गेला होता, त्यामुळे नवऱ्याला गप्पा मारायला कोणी सापडलं नाही. दोघं जिन्याने निघालो. मी चौथ्या मजल्यावर पोचले तेव्हा १३२, दारात उभ्या उभ्या एका मिनिटाने १०४. म्हणजे २८ उतरले. हा तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसून फोन आल्याचं नाटक करत होता, फोन उलटा धरला होता. खाली जाऊन मनगट धरलं तर फक्त ९६. "बघ, माझे कमीच," असं म्हणायला त्याला तीन वेळा श्वास घ्यावा लागला. गोळीने ठोके वरही चढू देत नाहीत ना सिस्टर? मी तसंच समजावलं.

आता माझं. थायरॉईड ठीक. हिमोग्लोबिन ९.६. बाईला १२ तरी हवं म्हणे. फॅमिली डॉक्टर म्हणाले, रक्तात प्राणवायू वाहणारंच कमी, म्हणून हृदय जास्त फेऱ्या मारतंय. म्हणजे @खारघर, तांब्या-कळशीच्या आधी पाणीच पातळ होतं माझं! दिवाळीतले ८२ त्यामुळेही असतील आणि मी सगळा दोष बैठ्या कामाला देत होते. लोहाच्या गोळ्या दिल्यात, गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको म्हणालेत, आणि पाळीसाठी बाईडॉक्टरकडे पाठवलंय, गुरुवारची वेळ मिळालीय. चालणं चालू ठेवा, पण चढाचं जपून, असंही म्हणाले. येऊरला जायचं मनात होतं, ते तूर्त राहिलं.

चहाचं फार अवघड आहे. सकाळचा फेरीआधीचा, ऑफिसचा अकराचा, चारचा, घरी आल्यावरचा. गोळीला जागाच सापडत नाही.

खारघरचा_पळपुट्या

२८ उतरले? ताई, माझ्या पळणाऱ्या ग्रुपात दोघं-तिघं तुमच्यापुढे लाजतील. फोन उलटा धरल्याचं मी त्यांना सांगणार आहे, नाव न घेता.

निवृत्त_सिस्टर (नेरूळ)

हो, या गोळीवर ठोके वर चढत नाहीत, म्हणून यजमानांनी घड्याळाच्या आकड्यावर चालू नये. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग धरावा. कधी चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि नाडी ५० च्या खाली लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

तुमची गोळी दुपारच्या जेवणाआधी तासभर घ्या, अकराचा चहा साडेदहाला उरका. लिंबू पिळलेलं पाणी सोबत चालेल. आणि शी काळी होईल, घाबरून इथे नवीन प्रश्न टाकू नका.